जागल्या, हजेरी आणि कॅमेरा : बाजारातील चोरीवर कोणी पाळत ठेवली?

१/ यवतमाळ, वणी, पुसद किंवा दारव्हा, कोणत्याही मोठ्या दुकानात शिरा, ‘आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात’ ही पाटी आता हमखास दिसते. कॅमेरा नवा असला, तरी त्यामागचा प्रश्न फार जुना आहे. चोरी टाळायची तर लक्ष कशावर ठेवायचे? मालावर, कृत्यावर की माणसाच्या जन्मावर? वऱ्हाडाच्या इतिहासात या तिन्ही उत्तरांचे प्रयोग झाले. त्यांचा हा मागोवा.

२/ सर्वांत जुने उत्तर होते जबाबदारीचे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त व्यापाऱ्यांसाठी नियम सापडतो. गावात मुक्काम करताना व्यापाऱ्याने आपल्या मालाचे मूल्य सांगून ठेवावे. रात्री तो चोरीस गेला, तर भरपाई गावाच्या मुख्याने द्यावी. दोन गावांच्या मधल्या रानात चोरी झाली, तर तेथील कुरणांवरच्या अधिकाऱ्याने द्यावी. चोर सापडो वा न सापडो, नुकसान व्यापाऱ्याच्या माथी मारले जाऊ नये, हे त्यामागचे तत्त्व.

३/ पुढे महाराष्ट्राच्या गावगाड्यातही हेच तत्त्व दिसते. वऱ्हाडात ‘जागल्या’ रात्रीची राखण करी, पश्चिम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ते काम रामोश्यांकडे असे. पेशवाईच्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने 1819 साली लिहिलेल्या अहवालात या पद्धतीचे वर्णन आहे. चोरी झाली की राखणदाराने पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचला की पुढचा शोध आणि जबाबदारी त्या गावाची.

४/ बाजारात येणारा माल कोण आणी? रेल्वेपूर्वीच्या वऱ्हाडात मीठ आणि धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर येई. त्यांच्याच बैलांच्या पाठीवरून इथला कापूस थेट मिर्झापूरपर्यंत जाई. शेकडो बैलांचा तांडा रानावनातून महिनोन्‌महिने चाले, आणि परक्याचा माल सुखरूप पोहोचवणे हीच त्याची पत होती. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

५/ दुकानाची जुनी मांडणी हाही चोरीवरचा उपाय होता. शेठजी गादीवर, गल्ला हाताशी, माल पाठीमागच्या फळ्यांवर. गिऱ्हाईक समोर उभे राही. मागितलेली वस्तू काढून त्याच्या पुढ्यात ठेवली जाई. रात्री दुकान वाढवण्यापूर्वी रोकडमेळ लागलाच पाहिजे, हा मुनिमाचा दंडक असे. या व्यवस्थेत नजर मालावर आणि हिशेबावर होती.

६/ त्याच काळात इंग्लंडने भीतीचा मार्ग धरला होता. 1699 च्या कायद्यानुसार दुकानातून पाच शिलिंग वा अधिक किमतीचा माल गुपचूप उचलणाऱ्यास फाशीची शिक्षा होती. परिणाम काय झाला? एवढ्याशा मालासाठी जीव घेणे ज्यूरींनाच नको वाटे. मग ते मालाची किंमत मुद्दाम पाच शिलिंगांखाली ठरवत. अखेर 1820 च्या दशकात ही फाशी रद्द झाली.

७/ 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1860 ची भारतीय दंडसंहिता आली. तिच्या कलम 380 मध्ये माल ठेवण्याच्या इमारतीतील चोरीला, आणि कलम 381 मध्ये नोकराने केलेल्या चोरीला, सात वर्षांपर्यंत कैद होती. शिक्षा कठोर खरी, पण ती कृत्यासाठी होती. आरोप सिद्ध झाल्याखेरीज कोणी चोर ठरत नव्हता.

८/ अवघ्या अकरा वर्षांत हा पाया ढासळला. 1871 च्या ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ने संपूर्ण जमातच गुन्हेगार ठरवण्याची मुभा सरकारला दिली. नावनोंदणी, पोलिसांपुढे हजेरी, प्रवासासाठी परवाना! आणि अशा घोषणेला न्यायालयात आव्हानही देता येत नव्हते. आरंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा 1911 मध्ये साऱ्या ब्रिटिश भारतासाठी खुला झाला.

९/ दरम्यान 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. यवतमाळचा कापूस धामणगाव स्थानकाकडे वळला आणि तांड्यांचा व्यापार बसला. त्यातच जंगल कायद्यांनी शिकारीवर जगणाऱ्या पारध्यांच्या वाटा अडवल्या. ज्यांचे पोट फिरण्यावर अवलंबून होते, त्यांचे फिरणेच आता संशयास्पद ठरले.

१०/ 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभरातून हटला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींची यादी वाचा. तीत बंजारा आहेत. तीत रामोशी आहेत. म्हणजे बाजाराला माल पुरवणारे आणि गावाची राखण करणारे, दोघेही! ‘भामटा’ हा शब्द आपण ठकासाठी सहज वापरतो. त्या यादीत तो एका समाजाच्या नावाचा भाग आहे.

११/ 5 डिसेंबर 1963 रोजी वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि 1975 पर्यंत त्या पदावर राहिले. पुसद तालुक्यातील गहुली या गावच्या बंजारा कुटुंबात 1913 साली त्यांचा जन्म झाला होता. जन्मावरून माणसाची प्रवृत्ती ठरते, या सिद्धांताला याच जिल्ह्याने दिलेले हे उत्तर. मात्र पारध्यांच्या बेड्यावरून आलेल्या पोराला दुकानात आजही संशयाच्या नजरा झेलाव्या लागतात. कायदा गेला तरी हजेरी संपलेली नाही.

१२/ आता दुकानाची रचना पुन्हा बदलली आहे. 1916 मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले. तेथे गिऱ्हाईक स्वतः फळीवरून माल घेई आणि बाहेर पडताना पैसे देई. आपल्याकडचे सुपरमार्केट त्याच वंशातले. माल हाती आला, तशी उचलेगिरी सोपी झाली. मग आरसे आले, कपड्यांना अडकवलेले टॅग आले, कॅमेरे आले.

१३/ कायदाही बदलला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीच्या कलमाला एक नवी तरतूद जोडली आहे. माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, दोषी पहिल्यांदाच सापडला असेल आणि त्याने माल वा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. पाच शिलिंगांसाठी फाशी देणाऱ्या विचारापासून इथवरचे अंतर मोठे आहे.

१४/ दुकानदाराचे नुकसान खरे असते. छोट्या दुकानात तर दोनचार वस्तू गेल्या की दिवसाचा नफा बुडतो. म्हणून कुलूप हवे, रोकडमेळ हवा, कॅमेराही हवा. पण कॅमेरा सर्वांना सारखाच टिपतो. त्यातले कोणते गिऱ्हाईक निरखून पाहायचे, हे पडद्यासमोर बसलेला माणूस ठरवतो. त्याची नजर हातावर आहे की आडनावावर, यावर 1871 चा कायदा खरोखर रद्द झाला की नाही, हे ठरते.