सिंदखेडराजा ते साखरखेर्डा : कादंबऱ्यांतील इतिहास, आठवणींतील इतिहास

मराठी वाचकाच्या मनातील इतिहास बखरींपेक्षा कादंबऱ्यांनीच अधिक घडविला आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची १८७१ मधील 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. तेव्हापासून हा प्रवाह अखंड वाहत आला. मात्र कादंबरीत पात्रे म्हणून भेटणारी माणसे प्रत्यक्ष कुठे वावरली, हे शोधू लागलो की बुलडाणा जिल्ह्याचे नाव पुन्हापुन्हा समोर येते.

जिजाऊंचे माहेर

जालना-मेहकर मार्गावरील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख मानली जाते आणि दरवर्षी त्या दिवशी येथे मोठा जनसमुदाय लोटतो. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ने (१९६८) जिजाऊंची प्रतिमा घरोघरी पोहोचविली. ती प्रामुख्याने शिवरायांच्या मातेची आहे. सिंदखेडला लखुजीराव जाधवांचा वाडा आणि समाधी पाहताना मात्र आठवते ती त्यांच्यातील लेक. जुलै १६२९ मध्ये लखुजीरावांची, पुत्रांसह, दौलताबादला निजामशाही दरबारात हत्या झाली. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. माहेर उद्ध्वस्त झालेल्या गर्भवती लेकीचे ते सात महिने कसे गेले असतील, याबद्दल कागदपत्रे फारसे बोलत नाहीत. अशा ठिकाणीच कादंबरीकाराचे काम सुरू होते आणि वाचकाची सावधगिरीही तेथूनच सुरू व्हावी.

दोन लढाया

१७२४ मध्ये साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या निजामी सत्तेचा पाया घातला. या लढाईत पहिले बाजीराव निजामाच्या बाजूने होते. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'मधील (१९७२) बाजीरावांवर प्रेम करणाऱ्या वाचकाला हा तपशील विचारात पाडणारा आहे. पुढे ज्याच्याशी बाजीरावांनी झुंज घेतली, त्याच्याच राज्यस्थापनेला या मातीत त्यांचा हातभार लागला होता. डिसेंबर १७५७ मध्ये सिंदखेडलाच मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे तेथे होते. विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) वाचताना हे दोन्ही वीर पुढे काय भोगणार हे आपल्याला ठाऊक असते. सिंदखेडला ते विजयी होते.

स्वतःचे शब्द

कादंबरी इतरांच्या मुखी शब्द घालते. आठवणी लिहिणारा स्वतः बोलतो. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये (१९३४ पासून) धर्मांतराने दुभंगलेला संसार हसत-हसत सांगितला आहे. दोन्ही पुस्तके आजही ताजी वाटतात, कारण त्यांत भूक, भीती, थट्टा आणि घरातील भांडणे आहेत.

बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी अशा आठवणी लिहिल्या नाहीत, ही मराठीची हानी होय. त्यांचे एकमेव पुस्तक 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये निघाले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल ठोठावलेली फाशीची शिक्षा आणि त्यानिमित्ताने स्त्रीजातीवर झालेली टीका यांतून ते जन्मले. महात्मा फुले यांनी त्यांची पाठराखण केली. पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. जवळजवळ शतकभर मराठी वाचकाला या आवाजाची ओळखच नव्हती.

सुरुवात कुठून करावी?

नवख्या वाचकाने प्रथम 'श्रीमान योगी' किंवा 'राऊ' घ्यावी, नंतर 'माझा प्रवास' आणि मग 'स्त्रीपुरुष तुलना'. या क्रमाने वाचल्यास राजवाड्यांकडून सामान्य माणसाच्या ओसरीपर्यंत आणि तेथून माजघरापर्यंत प्रवास घडतो. त्यानंतर जमल्यास सिंदखेडराजाला जरूर जावे. पुस्तकांत न सापडलेली लेक तेथील वाड्याच्या अंगणात कदाचित भेटेल.