ताऊन : ग्रानाडा ते मुंबई

इ. स. १३४८ मध्ये ताऊन, म्हणजेच प्लेग, अंदलुसच्या किनाऱ्यावर उतरला. अल्मेरियात इब्न खातिमा आणि ग्रानाडाच्या दरबारातील वजीर लिसानुद्दीन इब्न अल-खतीब (१३१३-१३७४) यांनी त्यावर स्वतंत्र रिसाले लिहिले. हकिमांचे प्रचलित मत असे की हवा दूषित होते. अनेक उलेमांच्या मते रोग एकाकडून दुसऱ्याला लागतच नाही. संसर्ग नाकारणारी हदीस त्यांच्यासमोर होती. (ताऊनच्या मुलखात जाऊ नये व तेथून पळूही नये, अशीही हदीस आहेच.) इब्न खातिमाला संसर्ग दिसत होता, पण लिहिताना त्याने हात आखडता घेतला. इब्न अल-खतीबने तसे केले नाही. रुग्णाजवळ गेलेला आजारी पडतो, अलिप्त राहिलेला वाचतो. रुग्णाचे कपडे, भांडी, कानातले दागिनेसुद्धा रोग पोहोचवतात. बाधित मुलखाचे जहाज लागले की निरोगी बंदरात साथ सुरू होते, असे दाखले त्याने दिले. त्याहून धाडसी मुद्दा पुढचा आहे. अनुभव व इंद्रियांची साक्ष एखाद्या नक्ली पुराव्याच्या शब्दार्थाविरुद्ध जात असेल, तर त्या पुराव्याची तावील केलीच पाहिजे, असे तो म्हणतो. पुढे फेसच्या तुरुंगात त्याची हत्या झाली, पण तिचा संबंध या रिसाल्याशी जोडणे घाईचे ठरेल. त्यामागे दरबारी वैर होते.

यावरून जंतूंचा शोध मुस्लिम हकिमांनी लावला, असे व्याख्यानांतून सांगितले जाते. ते खरे नाही, आणि त्याने इब्न अल-खतीबचा मान वाढतही नाही. अल-राझीने देवी व गोवर वेगळे ओळखले, पण दोन्हींमागचे विषाणू त्याला दिसणे शक्य नव्हते. साधा जिवाणूसुद्धा सूक्ष्मदर्शकातून प्रथम पाहिला तो लेवेनहूकने, १६७६ मध्ये. प्लेगचा जिवाणू येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला आणि १८९८ मध्ये सिमाँने कराचीत पिसवांकडे बोट दाखवले. जिवाणू पिसवेच्या अन्नमार्गात वाढून तो बुजवतात. भुकेली पिसू चावली की ते जखमेत उलटतात. इब्न अल-खतीबचे कपडे येथे अचूक ठरतात. दागिन्यांचे उदाहरण मात्र पटणे कठीण.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळ गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात जिवाणू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांना सरकारी घरझडत्यांइतकीच सुईची धास्ती होती. विशीतले आगाखान तिसरे यांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी खुश्रू लॉज दिले, आणि हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले. भीती सर्वस्वी निराधार होती असेही नव्हे. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतून लस दिलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो दूर व्हायला १९०७ साल उजाडले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले.