भारतांतील इंटरनेटच्या आरंभाचा कालनिर्णय

वाकडहून हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्यानें, ज्यांचा चरितार्थ इंटरनेटवर चालतो अशा सहस्रावधि लोकांची नित्य ये-जा असते. या जालाचा भारतांतील आरंभ केव्हां झाला असें विचारल्यास बहुधा ता. १५ ऑगस्ट १९९५ असें उत्तर मिळतें. हा समज साधनांच्या कसोटीस उतरत नाहीं. त्या दिवशीं विदेश संचार निगमानें ही सेवा सर्वसाधारण लोकांस खुली केली, इतकेंच खरें. ती तारीख द्वारोद्घाटनाची होय, पायाभरणीची नव्हे.

पायाभरणी १९८६ सालची. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें ‘अर्नेट’ हें जाल उभारण्यास घेतलें. त्यांत मुंबईचें नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स व पांच आय. आय. टी. अशा संस्था होत्या.

दोन यंत्रांनीं परस्परांशीं व्यवहार करतांना पाळावयाचा शिरस्ता म्हणजे प्रोटोकॉल. सर्फ व कान यांनीं त्याची मांडणी १९७४ त प्रसिद्ध केली. तिच्यांतून सिद्ध झालेला टीसीपी-आयपी हा शिरस्ता अमेरिकेंतील आर्पानेटनें ता. १ जानेवारी १९८३ रोजीं अंगीकारला. त्याचा प्रतिस्पर्धी ओ. एस. आय. हा आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा असून त्यास अनेक सरकारांचा आश्रय होता. अर्नेटनें आरंभीं दोन्ही चालविले. परंतु १९९५ पासून बहुतेक सर्व वाहतूक टीसीपी-आयपीनेंच होऊं लागली. कारण उघड आहे. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालींत तो १९८३ पासून अंतर्भूत होता व त्याचे नियम कोणासहि विनामूल्य मिळत. वैयाकरणांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर येथें लक्षणापेक्षां लक्ष्य बलवत्तर ठरलें.

या नियमांचीं टिपणें १९६९ पासून अनुक्रमांक घालून प्रसिद्ध होत आलीं आहेत. एकदां प्रसिद्ध झालेलें टिपण पुढें कोणी बदलीत नाहीं. मत पालटल्यास नवें टिपण निघतें व जुनें तसेंच राहतें. बखरकाराच्या हातीं न लागलेलीं अस्सल पत्रेंच तीं! आमच्याकडील कागदांची मात्र चिंता वाटते. मोडीचें जीर्ण पान डोळ्यांनीं तरी वाचतां येतें; चुंबकीय फीत वाचणारें यंत्र नाहींसें झालें कीं ती कायमची मुकी होते. तरी संग्राहकांनीं आपल्या परिसरांतील निवृत्त अभियंत्यांकडे जाऊन त्या काळचीं पत्रें, नकाशे व टांचणें रद्दींत जाण्यापूर्वीं हस्तगत करावीं, अशी आमची विनंती आहे.