परिचारिकांनी ठेवलेला वजनाचा हिशेब

यंदाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहा" असा चिटणीसबाईंचा निरोप आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जाणत्या भगिनी मंडळात पुष्कळ आहेत. पण इतिहास काही केवळ तलवारीनेच घडतो असे नाही. एक मोठा इतिहास अमेरिकेत पोस्टाच्या पाकिटांतून घडला, आणि तो इस्पितळांत राबणाऱ्या नर्सबायांनी घडवला. माझी भाची एका मोठ्या इस्पितळात नर्स आहे. तिनेच इंग्रजीतून वाचून ही हकीकत मला मराठीत समजावून दिली.

ती लिहिण्याचे कारणही सांगते. एखादी नर्स अंगाने जरा स्थूल असली, की पाहणारी माणसे पाठीमागे हसतात. "दुसऱ्याला पथ्य सांगते आणि स्वतः पाहा!" असे म्हणतात. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण" ही म्हण तर ठरलेलीच. हे बोलणे कितपत न्यायाचे आहे, ते पुढील हिशेबावरून आपणच ठरवावे.

१९७६ साली बोस्टन शहरी हार्वर्ड विद्यापीठातील डॉ. फ्रँक स्पायझर यांनी एक पाहणी सुरू केली. संततिनियमनाच्या गोळ्या त्या काळी लक्षावधी स्त्रिया घेत होत्या. त्यांचा दूरवरचा परिणाम काय होतो, हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी त्यांनी अकरा राज्यांतील तीस ते पंचावन्न वयाच्या विवाहित नर्सेसना पत्रे धाडली. नर्सच का, तर वैद्यकीय प्रश्न त्यांना नीट समजतात आणि उत्तरे चोख मिळतात. सुमारे १,२१,७०० जणींनी प्रश्नपत्रिका भरून परत पाठवल्या!

दर दोन वर्षांनी नवी प्रश्नपत्रिका जाई. वजन किती, आजार कोणता झाला, सिगारेट ओढता का, असे प्रश्न त्यात असत. १९८० पासून खाण्यापिण्याचीही चौकशी सुरू झाली. पुढे हजारो जणींनी पायाच्या नखांचे तुकडे पाकिटात घालून पाठवले आणि रक्ताचे नमुने बर्फात ठेवून रवाना केले. १९८९ साली पंचवीस ते बेचाळीस वयाच्या आणखी १,१६,००० हून अधिक नर्सेसची दुसरी तुकडी सामील झाली. आपण दुधाचा आणि वाण्याचा हिशेब महिनाभर ठेवताना कंटाळतो. या बायांनी आपल्या देहाचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवला, आणि तोही ड्यूटी व घरसंसार सांभाळून. तसे पाहू गेल्यास ही त्यांच्या कुळाचीच रीत. क्रिमियाच्या युद्धात सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीही मेलेल्यांचे आकडे मांडूनच सरकारचे डोळे उघडले होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. १९८८ साली पहिल्या तुकडीला एक नवा प्रश्न विचारला गेला. दिवसपाळीबरोबर महिन्यातून निदान तीन रात्री काम, अशी फिरती पाळी तुम्ही किती वर्षे केलीत? दोन्ही तुकड्यांतील सुमारे १,७७,००० जणींची पुढील अनेक वर्षांची उत्तरे जुळवून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांनी अशी पाळी कधीच केली नव्हती, त्यांच्या मानाने तीन ते नऊ वर्षे केलेल्यांत मधुमेहाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी अधिक दिसला. दहा ते एकोणीस वर्षे केलेल्यांत तो ४० टक्क्यांनी, आणि वीस वर्षांच्या पुढे ५८ टक्क्यांनी अधिक निघाला. वजनवाढीचा भाग हिशेबातून वजा केला, तेव्हा हा फरक बराच खाली आला. म्हणजे रात्रपाळी आणि मधुमेह यांच्यामध्ये वजन हा मोठा दुवा होता. रात्रपाळीच्या दर पाच वर्षांमागे सुमारे अर्धा किलो वजन जास्त वाढलेले आढळले. अर्धा किलो ऐकायला थोडे वाटते, पण थेंबे थेंबे तळे साचे.

झोपेचाही हिशेब निघाला. १९८६ पासून सोळा वर्षे ६८,००० नर्सेसचे वजन पाहिले गेले. रोज पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचे वजन सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सरासरी एक किलोहून थोडे अधिक वाढले. नवलाची गोष्ट अशी, की कमी झोपणाऱ्या जास्त खात होत्या म्हणावे, तर तसेही दिसले नाही. आपल्या देहात एक घड्याळ असते आणि ते सूर्याच्या उजेडावर चालते. त्या घड्याळाची किल्ली शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री तीन वाजता पोटात गेलेला घास आणि दुपारी एकला गेलेला घास देहाला सारखा नसतो. अशा पाहण्यांवरून "हेच एक कारण" असे ठाम म्हणता येत नाही, हे खरे. पण केवळ आळसाला दोष देणे मात्र सरळसरळ खोटे ठरते.

या नर्सेसनी वजन उतरवण्याची धडपड केली नाही असे नव्हे. दुसऱ्या तुकडीतील कित्येक जणींनी चार वर्षांत तीन-तीन वेळा दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो वजन उतरवले. पुढे काय झाले? असे वारंवार उतरवणाऱ्यांचेच वजन नंतरच्या वर्षांत अधिक वाढले. त्यांचा भर व्यायामापेक्षा खाणे तोडण्यावर अधिक होता. माझ्या भाचीचे असेच झाले. रात्रभर नुसत्या कोऱ्या चहावर राहायची. पंचवीस-तीस रोग्यांची धावपळ, त्यात एखादा डोळ्यांदेखत दगावला तर मन सुन्न. सकाळी घरी आली की समोर दिसेल ते खायची. उतरलेले तीन किलो महिन्याभरात परत! मग पुन्हा उपास.

मग टिकते ते काय? ५०,००० नर्सेसवरून २००३ साली असे दिसले, की रोज तासभर झपझप चालणाऱ्यांत स्थूलपणा पुष्कळ कमी होता. टीव्हीपुढे बसण्याचे दर दोन तास तो वाढवणारे ठरले, आणि घरात उभ्याने वावरण्याचे दोन तास थोडा कमी करणारे. २०११ साली खाण्याचे निष्कर्ष आले. बटाट्याचे तळलेले काप आणि साखरेची पेये वजन वाढवणाऱ्यांत पुढे होती. दही आणि बदाम-अक्रोड घेणाऱ्यांचे वजन कमी वाढले. त्या बहुतेक गोऱ्या अमेरिकन स्त्रिया होत्या, म्हणून आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण आपल्या लोकांना तर कमी वजनावरच मधुमेह गाठतो, तेव्हा धडा आपण अधिकच घ्यावा.

हा धडा एकट्या नर्सने घेऊन भागणार नाही. तिची पाळी ती ठरवत नाही, घरातले दिवसाचे आवाजही तिच्या हाती नसतात. आपल्यापैकी कित्येकींच्या सुना-लेकी रात्रपाळी करतात. त्यांनी डब्यात भाकरी, उसळ आणि ताक नेले, तर पहाटे वड्यावर हात जाणार नाही. त्या निजल्या असता मिक्सर बंद ठेवावा, खिडकीला जाड पडदा लावावा आणि "दिवसाढवळ्या झोपते" हा टोमणा तर मुळीच देऊ नये. माझ्या बहिणीच्या घरी दुपारी दोनपर्यंत दाराची घंटा बंद असते. भाचीचे वजन फारसे उतरलेले नाही, पण वर्षभरात वाढलेलेही नाही, आणि तिची चिडचिड पुष्कळ ओसरली आहे.

भगिनींनो, त्या लाखो नर्सबायांनी स्वतःचे वजन लपवले नाही, कागदावर मांडले. त्या हिशेबातून जगभरच्या स्त्रियांना शहाणपण मिळाले. पुढल्या खेपेस इस्पितळात एखादी स्थूल सिस्टर दिसली, तर हसण्याआधी तिला एवढेच विचारावे, "ताई, रात्री जेवलात का?"