प्रवाहाचे गणित आणि सुहास पाटणकर

प्रवाह संथ केव्हा असतो आणि क्षुब्ध केव्हा होतो, हे ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगीत धार सोडून दाखविले. समीकरणे ज्ञात होती. परंतु प्रत्येक भोवऱ्याचा हिशेब मांडणे अशक्यप्राय होते. म्हणून अभियंत्यांनी भोवऱ्यांच्या सरासरी परिणामाची प्रतिमाने रचली.

पुणे विद्यापीठाचे १९६२ चे अभियांत्रिकी पदवीधर सुहास पाटणकर यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासमवेत १९७२ मध्ये ‘सिम्पल’ ही पद्धत मांडली. आधी दाबाचा अंदाज धरावा, त्यावरून वेग काढावा आणि वस्तुमानाचा ताळा जमेपर्यंत दोन्ही सुधारीत जावे, हे तिचे सूत्र. त्याच सुमारास लाँडर व स्पाल्डिंग यांनी क्षोभाची ऊर्जा व तिचा ऱ्हास यांवर आधारलेले प्रतिमान पुढे आणले. या जोडीमुळे भट्ट्या व टर्बाइन यांतील प्रवाह संगणकावर वर्तविता येऊ लागले.

तथापि त्या प्रतिमानातील स्थिरांक प्रयोगांवरून बेतलेले आहेत. प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो तेथे अंदाज फसतो. श्रोतेहो, मच्छे येथेच विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलांनी ध्यानी धरावे, की पडद्यावरील रंगीत चित्र हे अनुमान आहे. मोजमापाच्या कसोटीवाचून त्यावर यंत्र उभारणे म्हणजे कामगाराचा जीव पणाला लावणे होय.