सवलत कुणाला, आणि ठरवणार कोण?

दुकानदार एका गिऱ्हाइकाला भाव कमी करतो, दुसऱ्याला करत नाही. विचारलं तर म्हणतो, दुकान माझं, मर्जी माझी. देशादेशांच्या व्यापारात हे चालतं का? भारताने हा प्रश्न एकदा थेट युरोपला विचारला होता.

गोष्ट सुरू होते दिल्लीत. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद तिथे भरली. तिचे सरचिटणीस होते अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश. मागणी अशी होती: श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या मालावर कमी जकात घ्यावी, बदल्यात काही मागू नये आणि गरिबांमध्ये आपपरभाव करू नये. ठराव झाला. पण गॅट कराराचा मूळ नियम होता, एकाला दिलेली सवलत सगळ्यांना द्यायची. म्हणून १९७१ मध्ये या नियमातून दहा वर्षांची सूट घेतली गेली आणि १९७९ मध्ये ती कायम झाली.

मेख इथेच होती. सवलत देण्याची सक्ती कुणावरच नव्हती.

आता २००२ मध्ये या. अमली पदार्थांच्या व्यापाराशी झुंजणाऱ्या देशांसाठी युरोपीय महासंघाची एक खास यादी होती. त्यात लॅटिन अमेरिकेतले अकरा देश. त्या जानेवारीपासून बारावं नाव आलं, पाकिस्तान. सप्टेंबर २००१ नंतर पाकिस्तान अमेरिकेच्या बाजूने उभा राहिला होता, हे लक्षात ठेवा. आता पाकिस्तानी कपडा युरोपात बिनजकात जाणार आणि तिरुपूरच्या टी-शर्टवर मात्र जकात पडणार!

मार्च २००२ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. डिसेंबर २००३ मध्ये पॅनेलने भारताचं म्हणणं मान्य केलं. युरोप अपिलात गेला. एप्रिल २००४ चा निकाल मोठा मजेशीर आहे. विकसनशील देशांमध्ये फरक करता येतो, असं अपील मंडळ म्हणालं. मात्र ज्यांच्या गरजा सारख्या, त्यांना वागणूकही सारखी हवी. युरोपची यादी बंद होती. नाव कशाच्या आधारावर घालायचं, याचे निकषच नव्हते. म्हणून ती नियमात बसली नाही.

म्हणजे भारत खटला जिंकला, पण सर्वांना सारखी सवलत हे तत्त्व हरला. युरोपने पुढे निकष लिहून नवी योजना आणली आणि २०१४ पासून पाकिस्तान तिच्यातही आला. जून २०१९ मध्ये तर अमेरिकेने भारताची स्वतःकडची सवलतच काढून घेतली.

मंडळी, मर्जीने मिळालेलं मर्जीनेच जातं. २०२२ मध्ये भारताने संयुक्त अरब अमिराती आणि ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार लागू केले. करार दोघांनाही बांधतो. पण त्यासाठी आपलंही दार उघडावं लागतं. त्या दारातून आलेल्या मालाची झळ आपल्याकडे कुणाला बसते, हा हिशेब आता आपल्यालाच मांडायचा आहे.