हार्मोनियमची टपाली विक्री

छापील सूचिपत्र किंवा जाहिरात पाहून पत्राने मागणी नोंदवणे आणि वाद्य टपालाने अथवा रेल्वेने मागवून घेणे, या व्यवहारास हार्मोनियमची टपाली विक्री म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबई व कोलकाता येथील पेढ्यांची वाद्ये या मार्गाने, वाद्यांचे एकही दुकान नसलेल्या गावांपर्यंत पोहोचली. तापीकाठचा आजचा नंदुरबार जिल्हा (स्थापना १ जुलै १९९८, त्यापूर्वी धुळे जिल्ह्याचा भाग) हे अशा प्रदेशाचे चांगले उदाहरण आहे.

== व्यवहाराची रीत ==

या व्यापाराचा कणा म्हणजे भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये सुरू केलेली मूल्यदेय टपाल पद्धत. लोकांच्या तोंडी ती ‘व्ही. पी.’ म्हणूनच रुळली. मालाची किंमत पोस्टमन घेणाऱ्याकडून वसूल करी आणि ती रक्कम विक्रेत्यास पोहोचवली जाई. नियतकालिके, पंचांगे आणि १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून रूढ झालेले दिवाळी अंक यांतील जाहिरातींखाली ‘व्ही. पी. ने पाठवू’ हे शब्द असत.

हार्मोनियमसारखी जड वस्तू बहुधा रेल्वेने येई. विक्रेता पेटी रेल्वेत चढवी आणि तिची पावती, म्हणजे बिल्टी, व्ही. पी. ने धाडी. गिऱ्हाइकाने पोस्टात पैसे भरून बिल्टी घ्यावयाची आणि ती स्थानकावर दाखवून पार्सल सोडवावयाचे, असा दुहेरी फेरा होता. सुरत ते अमळनेर हा ताप्ती व्हॅली रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला आणि नवापूर, नंदुरबार ही गावे या जाळ्यात आली. तापीच्या उत्तरेकडील तळोदे, अक्कलकुवा, अक्राणी या भागांत मात्र स्थानकावरून पुढचा प्रवास बैलगाडीने किंवा डोक्यावरून होई.

पैसे भरल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे, हा या पद्धतीतील खरा धोका. सूर बेसूर आहे की भाता फुटका आहे, हे घरी गेल्यावरच कळे. उलट बाजूने, न मागवलेला माल गळ्यात मारण्याचे प्रकारही होत. म्हणून १८९८ च्या टपाल कायद्यात खऱ्या मागणीवरूनच माल पाठवल्याचे विक्रेत्याचे प्रतिज्ञापन मागण्याची, तसेच फसवणूक झाल्यास रक्कम रोखून परत देण्याविषयी नियम करण्याची तरतूद होती.

== हार्मोनियमच का? ==

पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये एकस्व घेतलेली मूळ पेटी पायाने चालवावयाची होती. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी (‘द्वारकिन’ पेढी, स्थापना १८७५) भाता मागे आणून ती हाताने वाजवण्याजोगी केली. ही हातपेटी टपालासाठी घडवलेली नव्हती, पण प्रवास तिला सोसला. सतारीचा भोपळा वाटेत तडकतो, तारा उतरतात; पेटीचे पितळी सूर जागीच ठोकलेले असतात. शिवाय ती जुळवण्यास गुरू लागत नाही.

अमेरिकेत मात्र वाद्याची घडणच सूचिपत्रासाठी केली गेली. माँटगोमेरी वॉर्डने तेथे १८७२ मध्ये टपाली व्यापार आरंभला; सिअर्स कंपनीचे खास नाताळचे सूचिपत्र १९३३ पासून निघू लागले. १९६० च्या दशकात त्या कंपनीने विकलेल्या ‘सिल्व्हरटोन’ गिटारीच्या पेटाऱ्यातच ध्वनिवर्धक बसवलेला असे. खोके उघडले की वादन सुरू.

== परिणाम व वाद ==

मराठी संगीत रंगभूमीने पेटीला प्रतिष्ठा दिली, गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्या वादनाने ती वाढली, आणि टपालाने ती भजनी मंडळांत नेली. सातपुड्यातील पावरी, बासरी व ढोल ही वाद्ये मात्र स्थानिकच राहिली. काठीच्या होळीला सूचिपत्राची गरज कधी पडली नाही.

पेटीच्या स्थिर, समान अंतराच्या स्वरांत मींड व श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी त्यावर बावीस श्रुतींची हार्मोनियम करवून पाहिली; ती प्रचारात आली नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदीच घातली. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खरा असला, तरी ज्या गावात दुसरे सुरेल वाद्य पोहोचणेच कठीण होते, तेथे तो गैरलागू होता असे म्हणावे लागते. बंदीच्या काळातही खेड्यांतील भजने पेटीवरच चालत राहिली.

== जुन्या पेट्यांची स्थिती ==

आरंभी सूर फ्रान्स व जर्मनीहून येत. पुढे गुजरातमधील पालीताणा हे सूरनिर्मितीचे केंद्र झाले. जुन्या जर्मन सुरांना वादकांत आजही मोठी मागणी आहे. त्यामुळे मोडकी पेटी दुरुस्त होण्याऐवजी सुरांसाठी फोडली जाते. सूर नव्या पेटीत बसतात आणि पेढीचे नाव व गाव सांगणारी पाटी लाकडाबरोबर जळणात जाते.